समोरची खुंटी

हेडली ट्रेगिअर कुठल्याही लाकडावर बसण्याआधी त्यात अंगठ्याचं नख रोवून बघे. मग ती खुर्ची असो, चर्चमधलं बाक असो, की दुसऱ्याच्या घरचा जिना. ही खोड त्याला खाणीने लावली होती. कथलाच्या खाणीत तो टेकू लावायचं काम करी. छत कुठे फुगलंय ते बघायचं, ओंडका मापात कापायचा, उभा करायचा, वरून पाचर ठोकायची. मग बाकीच्यांनी त्याखाली शिरून काम करायचं. लाकूड कच्चं निघालं तर खालचा माणूस जातो. हेडलीच्या टेकूखाली कोणी गेलं नाही. इतरांच्या टेकूखाली गेलेले मात्र त्याने उचलून वर आणले होते. म्हणून वखारीतून आलेलं लाकूड तो वखारवाल्याच्या तोंडावर तपासे. वखारवाला रागावला की हेडलीला वाटे, रागावला म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या कामात एक गोष्ट होती. सकाळी तो पोचला नाही तर पाळी खाली उतरत नसे. खाणीत उतरायच्या पिंजऱ्यापाशी माणसं कपाळावरचे दिवे लावून उभी राहत आणि एकमेकांना विचारत, टेकूवाला आला का? खाण बंद झाल्यावर तो रस्त्याच्या डांबरीकरणावर गेला. तिथे एक माणूस कमी पडला तर मुकादम दुसरा आणी आणि काम तसंच पुढे जाई. मग निवृत्ती आली. लोर्नाची, म्हणजे त्याच्या बायकोची, आई वारली आणि पोर्थवेरनमधलं घर लोर्नाकडे आलं. नवराबायको टेकडी उतरून समुद्राकाठी राहायला आले.

पोर्थवेरन मासेमारांचं गाव. टेकडीपलीकडच्या खाणवाल्यांना तिथे उंदीर म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढंच. लोर्ना त्या गावची लेक, तिला सगळे नावाने हाक मारीत. हेडली तिसऱ्या वर्षीही ‘लोर्नाचा माणूस’च होता. तो बेकरीत शिरला की बोलणं थांबे. तो म्हणे, माझ्याबद्दलच चाललं होतं. लोर्ना म्हणे, अरे, बांगड्याबद्दल चाललं होतं. तू आलास म्हणून तुला काय हवं ते विचारायला थांबले. त्याला ते पटत नसे.

घरातली त्याची जागा खिडकीपाशी होती. खिडकीतून बंदर दिसे, आणि बंदरातून बाहेर पडणारी गावाची होडी दिसे. तिचं नाव लव्हडे. लांब, निमुळती, सहा वल्ह्यांची. फळ्या करंगळीपेक्षाही पातळ. पूर्वी असल्या होड्या बाहेरच्या गलबतांना वाटाड्या पोचवायला शर्यतीने जात. आता नुसत्याच शर्यती उरल्या होत्या. हेडलीने खिडकीतून एक गोष्ट हेरली होती. सहा माणसं जमली की होडी जाई. पाच जमली की ती पाच धक्क्यावर उभी राहून सहाव्याच्या नावाने बोटं मोडीत, आणि होडी जागची हलत नसे.

बेकरीच्या दाराशी पाटी लागली. वल्हवायला शिका, वयाची अट नाही, रविवारी सकाळी.

“वयाची अट नाही म्हणजे कोणी येत नसणार,” हेडली म्हणाला.

“मग तुला जागा मिळेल,” लोर्ना म्हणाली.

क्लब म्हणजे धक्क्याला लागून एक पत्र्याची शेड. तिचा कारभार क्लिफ्टन नान्सकडे होता. जन्मभर जाळी ओढलेला माणूस, मान बैलाची, बोलणं कमी. होडीची निगा तोच राखी आणि मागे बसून सुकाणूही तोच धरी. म्हणजे तांडेल तोच. हेडलीला बघून तो म्हणाला, “ये राजा.” हेडलीने हे लगेच नोंदून ठेवलं. त्या गावात सगळ्यांना राजा म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही म्हणतात. त्यामुळे राजा म्हणण्यावरून काही कळत नव्हतं.

त्याला दोन नंबरची जागा मिळाली. पुढच्या टोकाकडून दुसरी. वल्हवणारा होडी जाते तिकडे पाठ करून बसतो. हे हेडलीने आयुष्यभर बघितलं होतं, पण स्वतः बसेपर्यंत त्याचा अर्थ लागला नव्हता. कुठे चाललोय ते आपल्याला दिसत नाही. ते एकट्या क्लिफ्टनला दिसतं. आपल्याला दिसतो तो फक्त क्लिफ्टन, आणि त्याच्या तोंडावर काहीच दिसत नाही. ज्याने जन्मात वरचं छत बघितल्याशिवाय पाऊल टाकलं नाही त्याला हे कसं सोसावं? पहिल्या रविवारी तो सारखा मान वळवून मागे बघत होता. वळला की वल्हं चुके. वल्हं चुकलं की त्याच्या पुढ्यात बसलेल्या मेरिनच्या पाठीत दांडा बसे.

मेरिन बेकरीत काम करी. तीन नंबरला बसे. तिसऱ्यांदा दांडा बसल्यावर ती न वळता म्हणाली, “मागे अमेरिका आहे. यायला वेळ आहे अजून. समोर बघ.”

सगळे हसले. हेडली हसला नाही. पण समोर बघायला लागला.

मेहनतीचं म्हणाल तर तिला तो भ्यायचा नाही. उलट त्याला वाटलं होतं, हे आपल्या हातचं काम. चूक तिथेच झाली. तो हाताने ओढी. दंड भरून येत, तळव्याची कातडी निघे आणि होडी तेवढीच जाई. क्लिफ्टन ओरडे, “दोन नंबर, फावडं नाही ते.” ताकद पायांत असते हे त्याच्या अंगात उतरायला मे महिना उजाडला. पाय आडव्या पट्टीवर रोवायचे, कंबरेतून पुढे झुकायचं, पातं पाण्यात ठेवायचं. आपटायचं नाही, ठेवायचं. मग पायांनी स्वतःला मागे लोटायचं. हात नुसते दोरीसारखे. शेवटी दांडा छातीशी आला की पातं स्वच्छ बाहेर. एकदा असं नीट जमलं की होडीच्या तळातून एक गुरगुर ऐकू येते. ती हेडलीने ऐकली आणि कोणाला सांगितली नाही.

या सगळ्यात तो एकटा शिकाऊ नव्हता. मेरिन आणि तिचे चौघे चुलत-मावस नात्यातले, सगळे नवखेच, पण गावातच वाढलेले. आणि डॉक्टर फेल. डॉक्टर ब्रिस्टलचे. बंदरावरचं पांढरं घर त्यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी घेतलं होतं. गोरेगोमटे, उत्साही, हजार प्रश्न विचारणारे. होडीवर घालायला त्यांनी क्लबाला नवं ताडपत्रीचं झाकण दिलं होतं. म्हणजे सात माणसं झाली आणि जागा सहा. बाकीच्या पाच जागा ठरल्यासारख्याच होत्या. दोन नंबरवर एका रविवारी हेडली, दुसऱ्या रविवारी डॉक्टर.

ऑगस्टअखेर बंदरात शर्यती असत आणि त्यात एक शर्यत नवशिक्यांची असे. क्लिफ्टनने सांगून टाकलं की जुलैच्या शेवटच्या रविवारी चाचणी घेऊ आणि दोन नंबर कोणाचा ते ठरवू. त्या दिवसापासून हेडलीला झोपेतही तेच. ज्या माणसावाचून होडी अडत नाही तो माणूस खिडकीत बसलेला बरा. ती जागा त्याला हवी होती, आणि हवी आहे हे कोणाला कळायला नको होतं.

तो बघू लागला. क्लिफ्टन डॉक्टरांशी किती बोलतो, माझ्याशी किती. डॉक्टरांना ‘डॉक्टर’ म्हणतो, मला ‘दोन नंबर’. डॉक्टरांचं वल्हं चुकलं तर म्हणतो, “होईल, होईल.” माझं चुकलं तर फावडं.

जूनमधे ती सशाची भानगड झाली. भर पाण्यात वल्ही थांबवून सगळे दम खात होते. हेडलीला वाटलं, आपणही काही बोलावं. त्याने सांगितलं की काल लोर्नाने सशाचं कालवण केलं होतं, टेकडीवरचा ससा, चांगला जाडजूड. मेरिनने वाकून पायाखालच्या लोखंडाच्या कडीला हात लावला. तिच्या चुलतभावाने पाण्यात थुंकलं. क्लिफ्टनने सुकाणू फिरवलं आणि होडी परत आणली. हेडलीला वाटलं, आमचं खाणं ह्यांना हलकं वाटतं. धक्क्यावर मेरिनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या प्राण्याचं नाव पाण्यावर घेत नाहीत, वाटलं तर लांबकान्या म्हण, पण नको म्हणूस ते बरं.

“हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?”

“हे काय सांगायचं असतं?” मेरिन म्हणाली. “हे माहीतच असतं.”

डॉक्टर शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले की क्लिफ्टननी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. हेडली घरी येईपर्यंत तेच चघळत होता. डॉक्टरांना सांगितलं. मला नाही.

जुलैच्या मध्यावर होडी धुवायची त्याची पाळी आली. वल्हं काठावर दोन लाकडी खुंट्यांच्या मधे टेकतं. त्या खुंट्या काठातल्या भोकांत नुसत्या बसवलेल्या असतात, काम झालं की काढतात. सगळ्या चरबी चोळून काळ्या झालेल्या, दिसायला एकीसारखी दुसरी. क्लिफ्टन त्या एका बादलीत ठेवी आणि दर रविवारी स्वतःच्या हाताने ज्याच्या त्याच्या जागी बसवी. हेडलीने आपल्या दोन खुंट्या काढून गरम पाण्यात धुतल्या. एक हातात जड लागली. दुसरी हलकी. त्याने सवयीने नख रोवलं. जड खुंटीवर ओरखडाही उठला नाही. ती ओकची होती. हलकीत नख आत गेलं. पाइनचं खोकेछाप लाकूड.

हलकी होती ती समोरची, पलीकडच्या बाजूची.

तो बादलीपाशी गेला. बादलीत ओकच्या खुंट्या भरपूर होत्या. हलक्याही होत्या. म्हणजे चांगलं लाकूड घरात असताना मला कच्चं दिलं. दुसऱ्यांच्या जागच्या खुंट्या त्याने तपासल्या नाहीत. दुसऱ्याच्या टेकूला हात लावायचा नाही, हा खाणीतला नियम. तेवढा त्याने पाळला, आणि तेवढ्यानेच त्याचा घात केला.

पुढच्या रविवारी तो क्लिफ्टनच्या हाताकडे बघत राहिला. क्लिफ्टनने बादलीत हात घातला, एक खुंटी चाचपली, परत टाकली, दुसरी चाचपली, ती हेडलीच्या समोरच्या भोकात बसवली. निवडून. म्हणजे चूक नव्हती. जाणूनबुजून होतं. ऐन चाचणीत खुंटी मोडायची, वल्हं हातातून सुटायचं, आणि मग म्हणायचं, होईल होईल डॉक्टर, तुम्ही बसा.

त्याने लोर्नाला सांगितलं. लोर्ना वाटाणे सोलत होती. ती म्हणाली की क्लिफ्टनला ती शाळेपासून ओळखते, तो आडमुठा आहे पण असला नाही, सरळ जाऊन विचार.

“चोराला वाट कोण विचारतं?” हेडली म्हणाला. “विचारलं की एवढी एक झाकतील आणि दुसरं काहीतरी करतील.”

“दुसरं काय करतील? होडीला भोक पाडतील?”

“तू हस.”

“मी हसत नाहीये. मी वाटाणे सोलते आहे. तू विचार.”

त्याने विचारलं नाही. परसातल्या खोपटात जुन्या खाणीतल्या काही पाचरी त्याने ठेवल्या होत्या. ओकच्या, वाळून दगड झालेल्या. त्यातली एक घेतली आणि दोन दुपारी बसून खुंटी तासली. रेषा सरळ, गाठ नाही, बूड भोकाच्या मापाला असं की बसताना कुरकुरावं आणि बसल्यावर हलू नये. त्याने ती दारात अडकवून पूर्ण वजनाने ओढून बघितली. दार हललं, खुंटी नाही. मग त्याने तिला चरबी चोळून काळी केली. इतकं नेटकं काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मेरिनचा एक भाऊ तापाने पडला, म्हणून डॉक्टर आणि हेडली दोघंही होडीत आले. डॉक्टर एक नंबरला, हेडलीच्या पाठीमागे. हेडलीला तेही बरोबर वाटेना. पाठीमागे बसलेला माणूस दिसत नाही. क्लिफ्टनने खुंट्या बसवल्या आणि तो मागे दोर सोडायला गेला. हेडलीने पुढे वाकून समोरची खुंटी उपसली, खिशात टाकली आणि आपली बसवली. ती कुरकुरली. मेरिनने मान जरा वळवली.

बंदराच्या तोंडाबाहेर पाणी उचलत होतं. लाटा मोठ्या नव्हेत, लांबलचक. क्लिफ्टनने होडीचं तोंड वाऱ्याकडे धरलं आणि सांगितलं की खडकाला वळसा घालून परत, थांबायचं नाही. मग त्याने हात खाली टाकला.

सुरुवात चांगली झाली. हेडलीने पाय रोवले आणि खुंटीचा विचार सोडून दिला. आता ती पक्की होती. पहिल्यांदाच तो त्या होडीत निर्धास्त बसला होता. पाठ झुकत होती, पातं बसत होतं, तळातून गुरगुर येत होती. क्लिफ्टन म्हणाला, “छान, दोन.” हे त्याने पहिल्यांदाच म्हटलं. हेडलीला ते इतकं अनपेक्षित होतं की त्याने क्लिफ्टनच्या तोंडाकडे बघितलं, ह्याला आता काय हवंय ते शोधायला. तेवढ्यात लाट खालून निघाली. त्याचं पातं तिरकं आत गेलं आणि पाण्याने ते धरलं.

याला तिथे खेकडा धरला म्हणतात. पातं पाण्यात रुततं, होडी वेगात पुढे जाते आणि वल्ह्याचा दांडा वल्हवणाऱ्याच्याच अंगावर येतो. हेडलीने पूर्वी दोनदा छोटे खेकडे धरले होते. हा मोठा होता. सगळा जोर वल्ह्यातून समोरच्या खुंटीवर आला. खुंटी जागची हलली नाही. ती हलण्यासाठी केलेलीच नव्हती. मग काठ फाटला. खुंटीच्या भोकापासून हातभर लांब, लाकडाच्या रेषेत, कापड फाटावं तसा. खालची फळी तडकली. दांडा त्याच्या बरगड्यांवर बसला आणि तो उताणा डॉक्टरांच्या मांडीवर पडला. डॉक्टरांनी वल्हं सोडून त्याला दोन्ही हातांनी धरलं, नाहीतर तो गेलाच होता पाण्यात.

फटीतून पाणी येऊ लागलं. क्लिफ्टनने अंगातला स्वेटर काढून मेरिनकडे फेकला. तिने तो फटीत कोंबून वर गुडघा रेटला. चार वल्ह्यांवर होडी परत आली. हेडली तळात पडून आकाश बघत होता. श्वास घेताना आत सुरी फिरत होती.

धक्क्यावर होडी उतरवल्यावर क्लिफ्टन वाकला. फाटलेल्या काठातून त्याने खुंटी हलवून हलवून काढली. हातावर तोलली. बोटाने पुसली.

“ही कुठली?”

“माझी,” हेडली म्हणाला. त्याला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. “मी केली. ओकची. तू दिलेली कच्ची होती.”

“कच्ची होतीच.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“अरे, मीच करतो त्या. दर हिवाळ्यात पाइनच्या तासतो.” क्लिफ्टनचा आवाज चढला नाही. “जवळची ओकची, तिच्यावर ओढायचं. समोरची मऊ, ती मोडायची. मोडण्यासाठीच ठेवतात ती. खेकडा लागला की काहीतरी मोडणारच, राजा. खुंटी नाही मोडली तर होडी मोडते. होडी नाही मोडली तर माणूस. आज दोन्ही झालं.”

त्याने बाकीच्या जागांवरच्या समोरच्या खुंट्या एकामागून एक काढल्या आणि हेडलीपुढे फरशीवर ठेवल्या. सगळ्या हलक्या. फरशीवर पडताना त्यांचा पोकळ आवाज येत होता, आणि तो आवाज ओळखायला हेडलीला नख लावायची गरज नव्हती.

“आणि मग निवडत काय होतास बादलीत?” त्याने विचारलं. शेवटचा टेकू होता हा.

“भेगा गेलेली नको म्हणून. तुला चांगली द्यायची होती.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

क्लिफ्टनने ओकची खुंटीही त्या हलक्यांशेजारी ठेवली. मग म्हणाला, “नाही सांगितलं. हे सांगायचं असतं हेच आमच्या ध्यानात येत नाही. तू टेकडीपलीकडचा आहेस हे मी विसरलो.” आणि डॉक्टरांकडे मान वळवून, “डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. त्यांना काहीच माहीत नसतं, म्हणून सगळं विचारतात.”

डॉक्टर खाली बघत होते. मेरिन म्हणाली, “मी बघितलं होतं ती बदलताना. मला वाटलं, मोडकी म्हणून बदलतोय.”

“शर्यतीला दोन नंबर डॉक्टर,” क्लिफ्टन म्हणाला, आणि ताडपत्री ओढायला गेला.

दोन बरगड्यांना तडा गेला होता. काठाला खाडीपलीकडच्या होडीबांधणाऱ्याने नवा जोड दिला आणि तडकलेली फळी बदलली. हेडलीने निरोप पाठवला की तासायला, घासायला काही असेल तर येतो. क्लिफ्टनने उलट निरोप पाठवला की त्याने कृपा करून लाकडाला हात लावू नये. लोर्ना हे सांगताना हसली. हेडली हसला नाही.

तो पुन्हा खिडकीत बसला. गावात बातमी सांडलेल्या दुधासारखी पसरली. तो बेकरीत गेला तेव्हा बोलणं थांबलं नाही. मोठ्याने एकाने विचारलं, “काय ओक, बरगड्या कशा आहेत?” दुसऱ्या दिवशी पोस्टमननेही तेच नाव घेतलं. मग तेच पडलं. ओक. लोर्ना म्हणाली की ह्या गावात टोपणनाव मिळायला तिच्या बापाला लग्नापर्यंत थांबावं लागलं होतं. हेडली म्हणाला, थट्टा आहे ही. लोर्ना म्हणाली, मग काय आरती हवी होती? तो त्या नावाच्या पोटात काय आहे ते पुष्कळ दिवस शोधत राहिला.

शर्यतीच्या दिवशी त्याने जायचं नाही ठरवलं आणि गेला. धक्क्याच्या टोकाला, गर्दीपासून लांब उभा राहिला. लव्हडे सात होड्यांत मधोमध होती. डॉक्टर त्याच्या जागी बसले होते, आणि वाईट बसले नव्हते, हे त्याला कबूल करावं लागलं. वळशापाशी डॉक्टरांचं पातं रुतलं. कडाड असा आवाज पाण्यावरून धक्क्यापर्यंत आला. वल्हं आडवं झालं, डॉक्टर कलंडले, उठले, मोडक्या खुंटीचं बूड ठोकून पाडलं, पायाशी बांधलेली दुसरी बसवली आणि पुन्हा ओढायला लागले. होडीला काही झालं नाही. डॉक्टरांना काही झालं नाही. होडी शेवटून दुसरी आली. हेडली त्या आवाजावरच अडकला होता. लाकूड मोडल्याचा तसला आवाज ऐकून त्याचे पाय अजून पळायला बघत. आजूबाजूच्या बायका मात्र टाळ्या वाजवत होत्या.

सगळं आवरल्यावर क्लिफ्टन धक्क्यावरून चालत त्याच्यापाशी आला. हेडलीने त्याला येताना बघितलं आणि छाती आवळून धरली.

“रविवारी येतोस का?”

“कशाला?”

“वल्हवायला. माशा मारायला नाही.”

“आणि डॉक्टर?”

“ते चालले ब्रिस्टलला. पुढच्या जूनपर्यंत.”

“म्हणजे डॉक्टर नाहीत म्हणून मी.”

“हो,” क्लिफ्टन म्हणाला. “उन्हाळ्यात सगळ्यांना वल्हवायचं असतं. नोव्हेंबरात पाच जण येतात. पाचांत होडी जात नाही. हात फाटतात, पाणी डोळ्यांत जातं, कोण येतो? मेरिन म्हणाली, ओक येईल. त्याच्या मागे दुसरं काही काम नाही.”

हेडलीने हे ऐकून घेतलं. वरून, खालून, कडेने तपासलं. यात दया नव्हती. मोठेपणा नव्हता. ह्यांना सहावा माणूस पाहिजे होता आणि तो मिळत नव्हता. इतक्या महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून आलेलं हे पहिलं बोलणं होतं ज्यात त्याला कुठेही खोट सापडली नाही.

“बरगड्या अजून दुखतात,” तो म्हणाला.

“ऑक्टोबरपर्यंत दुखू दे. तोवर बसून बघ.”

“किती वाजता?”

“आठला. आणि राजा, लाकडाचं काहीही घरून आणू नकोस.”

बघू, असं हेडली म्हणाला. घरी गेल्यावर मात्र त्याने कोट काढायच्या आधीच लोर्नाला हाक मारली आणि विचारलं की त्याचे खाणीतले ते जाड लोकरी मोजे तिने टाकून तर दिले नाहीत ना.